पहिल्या वाढदिवसाला हायड्रोजनचे फुगे नकोत

मॅडम, मी कुपवाडला राहते. घर सांभाळून बलून डेकोरेशनची कामं करते. बारसं, डोहाळजेवण, वाढदिवस, अशी छोटी कामं. आजवर सगळे फुगे पंपाने हवा भरूनच लावले. आता विश्रामबागच्या एका हॉलमधली पहिल्या वाढदिवसाची मोठी ऑर्डर मिळाली आहे. पार्टीला छताला टेकलेले दोनशे उडणारे फुगे पाहिजेत, खाली लोंबणाऱ्या रिबन. हेलियमच्या टाकीचा दर आणि डिपॉझिट ऐकून पोटात गोळा आला. ओळखीतला एक जण म्हणाला, हायड्रोजन घ्या, बराच स्वस्त पडतो, सगळे तोच वापरतात. "बघा तर वापरून" म्हणत त्याने एक टाकी आणूनही ठेवली, ती जिन्याखाली आहे. माझे दीर म्हणतात, अर्धा हेलियम अर्धा हायड्रोजन केला तर धोका निम्मा होईल. हरिपूरच्या जत्रेत भेटलेला एक फुगेवाला कॉस्टिक सोडा आणि अ‍ॅल्युमिनियमचं भंगार घालून स्वतःच गॅस करतो, तो म्हणाला शिकवतो. नायट्रोजन चालेल का, असंही मनात आलं. नाही म्हणावं तर ऑर्डर जाईल. खरंच सुरक्षित गॅस कोणता?
— एक वाचक, कुपवाड

ताई,

बाकी सगळं नंतर, आधी जिन्याखालच्या टाकीचं. ती आजच घराबाहेर काढा. हायड्रोजनचा रेणू अगदी लहान. व्हॉल्व्ह जरा सैल असला तरी तो झिरपतो, आणि त्याला वास नसतो. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास लावलेला असतो म्हणून गळती कळते, इथे काहीच कळत नाही. जिन्याखालची जागा वरून बंद असते, हलका गॅस तिथेच साचून राहतो. शेजारी मीटरची पेटी, दिव्याचं बटण किंवा देवघर असलं तर ठिणगीची वेगळी सोय करावी लागत नाही.

व्हॉल्व्ह घट्ट बंद आहे ना बघा, टोपी असेल तर लावा, आणि दोघांनी मिळून टाकी उभीच धरून अंगणात न्या. फरफटत नेऊ नका, आडवी करून लोळवू नका. सावलीत, मोकळ्या हवेत, उभी ठेवून गजाला किंवा खांबाला साखळीने बांधा. मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. मग ज्याने आणून दिली त्याला फोन करून उघड्या गाडीतून परत न्यायला सांगा. तोवर "थोडा गॅस सोडून रिकामी करू" असं कुणी म्हटलं तर अजिबात करू देऊ नका. जिन्याखाली गेल्यावर फुसफुस ऐकू आली तर दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेरून १०१ ला फोन लावा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. फुगा उडायलाच हवा असेल तर गॅस एकच, हेलियम. उडायला नको असेल तर साधी हवा. यांच्या मधला तिसरा पर्याय नाही, आणि तो शोधायच्या नादात माणसं भाजतात.

हायड्रोजनविषयी जरा सविस्तर सांगते, कारण "सगळे वापरतात" हे वाक्य तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळेल. घरच्या सिलिंडरमधला गॅस हवेत साधारण २ ते ९ टक्के मिसळला असेल तेव्हाच पेट घेतो. त्याहून कमी किंवा जास्त झाला तर पेटत नाही. हायड्रोजन ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कधीही पेटतो. म्हणजे गळालेला हायड्रोजन पेटण्याजोग्या प्रमाणात असण्याची शक्यताच फार मोठी. आणि त्याला पेटवायला लागणारी ठिणगी घरच्या गॅसला लागते त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी पुरते. नायलॉनची साडी नेसून प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठताना, थंडीत स्वेटर काढताना हाताला टचकन जी ठिणगी जाणवते, तिच्यात याच्या कितीतरी पट ऊर्जा असते. फुगा स्वतः रबराचा. तो केसांवर घासून भिंतीला चिकटवायचा खेळ प्रत्येक पोराला येतो.

तुमचा हॉल डोळ्यांसमोर आणा. वर छताला दोनशे फुगे, एकमेकांना लागून. मध्ये पंखे, फोकस लाइट. खाली टेबलावर केक, त्यावर ती भुरभुर जळणारी फुलबाजीसारखी मेणबत्ती. बाळाला आईच्या मांडीवर बसवलंय, पाच सुवासिनी ताम्हणात निरांजन घेऊन औक्षणाला उभ्या. फुग्यांच्या रिबन त्यांच्या डोक्यापर्यंत आलेल्या. एखाद्या मोठ्या मुलाने रिबन ओढून फुगा खाली आणला आणि तो निरांजनाजवळ गेला, एवढंच पुरेसं आहे. एक फुगा पेटला की शेजारचा पेटतो, आणि हे इतक्या झटक्यात होतं की मागे सरायलाही वेळ मिळत नाही. हायड्रोजनची ज्योत उजेडात जवळजवळ दिसतच नाही. दिसतं ते जळणारं रबर, आणि ते वितळून कातडीला चिकटतं. भाजतात ते चेहरे आणि हात, कारण फुग्याकडे आपण तोंड वर करूनच बघत असतो.

हे मी मनाने रंगवत नाही. मे २०१२ मध्ये आर्मेनियाची राजधानी येरेवान इथे एका प्रचारसभेत गॅसच्या फुग्यांचे घोस पेटले आणि शंभराहून जास्त माणसं भाजली. तेही उघड्या चौकात, डोक्यावर छत नसताना. आपल्याकडे लातूरला ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावर फुगे विकणाऱ्याच्या टाकीचा स्फोट झाला. फुगेवाला गेला, आणि फुगे घ्यायला भोवती जमलेली लहान मुलं जखमी झाली. सगळे वापरतात हे खरंही असेल. त्यातल्या बहुतेकांच्या कार्यक्रमात त्या दिवशी ठिणगी पडली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि इतका धोका पत्करून हाती काय लागतं, याचा हिशोब करून बघा. १२ इंची फुग्यात साधारण १४ लिटर गॅस मावतो. तेवढ्या हवेचं वजन ढोबळमानाने १६ ग्रॅम. तेवढाच हेलियम सव्वादोन-अडीच ग्रॅम भरतो, हायड्रोजन सव्वा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे हायड्रोजनचा फुगा हेलियमच्या फुग्यापेक्षा जेमतेम एक ग्रॅम जास्त उचलतो. रबराचं वजन तीनएक ग्रॅम आणि वर रिबन, हे दोन्ही गॅस आरामात उचलतात. हायड्रोजनचा फायदा फक्त पैशाचा आहे.

तुमच्या दिरांना सांगा, निम्मा हायड्रोजन मिसळला म्हणून धोका निम्मा होत नाही. अर्धा-अर्धा मिसळलेला फुगाही पेट घेतोच. निर्धोक व्हायला हायड्रोजन इतका थोडा ठेवावा लागेल की मिसळून पैसे वाचायचे नाहीत. शिवाय मिसळायचं म्हणजे एका टाकीतून दुसऱ्या टाकीत गॅस सोडायचा. भरलेल्या टाकीत दीडशे बारच्या घरात, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास दीडशेपट दाब असतो. हे काम घरी नळी जोडून करायचं नाही. गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार टाकीत असा गॅस भरायला परवाना लागतो, आणि तो उगीच ठेवलेला नाही.

हरिपूरच्या फुगेवाल्याचा धडा तर घेऊच नका. तो काय करतो ते समजून घ्या. कॉस्टिक सोडा, पाणी आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की हायड्रोजन सुटतो आणि मिश्रण तापू लागतं. जितकं तापतं तितका गॅस जोरात सुटतो, जोरात सुटला की आणखी तापतं. पातेल्यातलं दूध उतू जाताना गॅस बारीक करता येतो, इथे बंद टाकीतली क्रिया बारीक करायचं कुठलंच बटण नाही. भंगार जास्त पडलं, तुकडे बारीक निघाले, ऊन कडक होतं, एवढ्यानेही अंदाज चुकतो. टाकी बहुतेक वेळा भंगारातली, दुसऱ्याच कामासाठी बनलेली. वर तिला ठोकून डाग दिलेला, दाब सोडणारा व्हॉल्व्ह नाही, आत किती दाब आहे ते सांगणारं मीटर नाही. फुटली तर पत्रा उडतो आणि त्याच्यासोबत उकळतं कॉस्टिक. ते डोळ्यात गेलं तर दृष्टी जाते. त्या माणसाचं पोट यावर आहे हे मला कळतं, त्याच्याबद्दल राग नाही. उलट सगळ्यात जवळ तोच उभा असतो, म्हणून त्याच्याचसाठी जीव तुटतो. पण जत्रेत अशा टाकीपाशी मूल घेऊन कुणी थांबू नये, आणि तुम्ही तर ती घरात आणूच नये.

नायट्रोजन पेटत नाही हे बरोबर. पण तो उडतही नाही. हवेत मुळात ७८ टक्के नायट्रोजनच आहे, त्यामुळे दोघांच्या वजनात फरक नगण्य. रबराच्या वजनाने फुगा खालीच बसेल. मग टाकीला पैसे कशाला, पंपाची हवा काय वाईट? कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड. स्वयंपाकाचा गॅस हवेच्या दीड-दोनपट जड, आणि जळणारा, तेव्हा त्याचं नावही नको. तुमच्या ओळखीत कुणाकडे गोबरगॅस असेल आणि त्याने सुचवलं तर त्यालाही नाही म्हणा. त्यातला मिथेन हलका असतो, पण सोबत तीस-चाळीस टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. एकूण वजन हवेच्या जवळपास जातं, म्हणजे उडायचं नाव नाही आणि पेटायची भीती आहेच.

राहिला हेलियम. तो जळत नाही, जळायला मदतही करत नाही, कशाशी संयोग पावत नाही. निरांजनाजवळ फुगा फुटला तर आवाज होईल, बाळ दचकून रडेल, पण कुणी भाजणार नाही. महाग का, तर तो हवेत नावालाच असतो. नैसर्गिक वायूच्या काही मोजक्या विहिरींतून तो वेगळा काढतात, आणि भारताला जवळजवळ सगळाच बाहेरून आणावा लागतो. मिरजेच्या दवाखान्यांत एमआरआयसाठी रोज रांगा लागतात. तसल्या यंत्रांतलं चुंबक उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवायला द्रवरूप हेलियमच लागतो. म्हणून हा गॅस जपून वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे. दोनशे फुग्यांसाठी तर नाहीच. पण त्याकडे नंतर येते.

टाकी हेलियमचीच आहे हे कसं ओळखायचं? आपल्याकडे हेलियमची टाकी तपकिरी रंगाची आणि हायड्रोजनची लाल रंगाची असते. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, जुन्या टाकीवर कुणी काय फासलंय सांगता येत नाही. गॅसचं नाव टाकीवर लिहिलेलं असावं, आणि बिलावरही "हेलियम" असा शब्द हवा. "बलून गॅस" किंवा "फुग्याचा गॅस" एवढंच लिहून देणाऱ्याला विचारा, म्हणजे नक्की कोणता? तो उत्तर टाळत असेल तर तिथून निघा. टाकीच्या खांद्यावर ठोकलेले आकडे असतात, त्यात चाचणीची तारीख असते. दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली टाकी तपासावी लागते. तारीख उलटून गेली असेल तर ती टाकी घेऊ नका, आत कुठलाही गॅस असो. आणखी एक खूण हाताला कळते. हायड्रोजनसारख्या जळणाऱ्या गॅसच्या टाकीच्या तोंडाला उलटे आटे असतात, म्हणजे जोडणीचा नट डावीकडे फिरवला की आवळतो. हेलियमचे आटे सरळ. "हेलियम" म्हणून दिलेल्या टाकीवर नट उलटा बसत असेल तर तिथेच थांबा. काडी लावून बघायची पद्धत काही फुगेवाले सांगतील, ती कधीही करू नका. आणि फुगा छान उडाला यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे वरचा एक ग्रॅमचा हिशोब वाचून तुमच्या लक्षात आलंच असेल.

हेलियम पेटत नाही म्हणून त्याच्याशी खेळायचंही नाही. टाकी उभी, साखळीने बांधलेली. रेग्युलेटर आणि फुग्यांचं नोझल लावल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही. फुगे भरायचं काम खिडक्या-दारं उघडी ठेवून. आणि हेलियम ओढून आवाज बारीक काढायची जी गंमत मोबाइलवर दिसते, ती तुमच्या कामाच्या जागी कुणालाही करू देऊ नका. छातीत हेलियम भरला की तिथे ऑक्सिजनला जागा उरत नाही, दोन-चार श्वासांत माणूस कोसळू शकतो. थेट टाकीला तोंड लावलं तर दाबाने फुफ्फुस फाटतं. पोरं तुमच्यासमोर करणार नाहीत, तुम्ही जेवायला गेल्यावर करतील. म्हणून जाताना व्हॉल्व्ह बंद करून रेग्युलेटर काढून सोबत घ्या.

आता पैशाचं. दुकानदाराला टाकीचा दर विचारू नका, घनमीटरचा विचारा. मोठ्या टाकीत साधारण ७ घनमीटर गॅस असतो. तुमच्या दोनशे फुग्यांना लागणार तीनेक, वाया जाणारा धरून. तुम्ही मोठ्या टाकीचं डिपॉझिट ऐकून घाबरलात, पण तुमची गरज तिच्या निम्मीसुद्धा नाही. छोटी टाकी भाड्याने मिळते का ते कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या गॅस एजन्सींकडे विचारा, तिथे नसेल तर कोल्हापूरला विचारा. रबरी फुगा हेलियमवर बारा ते वीस तास तरंगतो, गॅस रबरातून झिरपत राहतो. म्हणून आदल्या रात्री भरू नका, कार्यक्रमाच्या दुपारी भरा. फॉइलचा फुगा कित्येक दिवस टिकतो, पण त्याला धातूचा मुलामा असतो. विजेच्या तारांपासून तो लांब, आणि बाहेर तर सोडायचाच नाही.

खरं सांगू का, त्या आईवडिलांना दोनशे फुगे "उडायला" हवेत असं मला वाटत नाही. त्यांना फोटोत छत भरलेलं दिसायला हवंय. ते हवेच्या फुग्यांनी होतं. छताखाली बारीक जाळी ताणा, फुग्याचं तोंड वर करून त्या जाळीला तंगूसने बांधा, रिबन खालच्या टोकाला चिकटपट्टीने लावा. खालून बघणाऱ्याला तंगूस दिसत नाही. कामाला दोन माणसं जास्त लागतील, ती मजुरी हेलियमच्या मानाने किरकोळ. हे फुगे दुसऱ्या दिवशीही तसेच दिसतील. मग बाळाच्या खुर्चीजवळ पंधरा-वीस फॉइलचे फुगे खऱ्या हेलियमचे लावा. एकाचा आकडा, एखादं हत्तीचं पिल्लू, बाळाच्या नावाची अक्षरं. झुलताना सगळ्यांना दिसतात तेवढेच.

बाळाजवळ फॉइल म्हणते त्यालाही कारण आहे. फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा वर्षाच्या मुलाने तोंडात घातला तर तो घशात चिकटून श्वास अडतो. तो बोटाने काढणं फार अवघड असतं. फुटलेले तुकडे गोळा करायला एक माणूस ठेवा. आणि पार्टीवाले फेस उडवणारा स्नो स्प्रे आणणार असतील तर केकजवळ मेणबत्ती पेटलेली असताना तो मारू देऊ नका. त्या डब्यातही बहुतेक वेळा जळणारा गॅस असतो, फेस मारणाऱ्याच्या हाताशीच भडका उडतो. चुकून कुणी भाजलंच तर वीसेक मिनिटं नळाचं वाहतं पाणी भाजलेल्या जागेवर धरा आणि १०८ ला फोन करा. आपण सांगलीची, हळदीच्या पेठेतली माणसं, हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. पण भाजल्यावर हळद नको, टूथपेस्ट नको, शाई नको.

पार्टीशी बोलताना आडवळण घेऊ नका. म्हणा, "दादा, वहिनी, उडणारा फुगा आम्ही फक्त हेलियमचा देतो, तो महाग पडतो. स्वस्तातला उडणारा फुगा हायड्रोजनचा असतो, आणि निरांजन-मेणबत्तीच्या कार्यक्रमात आम्ही तो लावत नाही. छत भरून फुगे मी हवेचे देते, बाळाजवळचे हेलियमचे." सोबत दोन दर लेखी द्या, एक या पद्धतीचा आणि एक सगळ्या दोनशे हेलियमचा. आधीच्या कामाचे फोटो दाखवा. जाळीवर बांधलेले पाच-दहा फुगे घरच्या छताला लावून त्याचाही एक फोटो काढून ठेवा, म्हणजे त्यांना नुसतं ऐकून अंदाज बांधावा लागणार नाही. बहुतेक आईबाप ऐकतील. स्वस्तातलाच पाहिजे म्हणून कुणी अडून बसलं तर ती ऑर्डर सोडा. हॉलमधल्या त्या छताखाली तुम्हीही उभ्या असणार आहात, ताई, आणि तुमच्या हाताखालच्या मुलीही.